गुरुवारचे किलोमीटर

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. जाग ५.१०. आकाश स्वच्छ, वारा उत्तरेचा. मुळ्याच्या वड्या वाफवल्या. तिघांना पुरून चार उरल्या. डावा गुडघा बरा. दहा वाजता लाई यांच्या दुकानातून सायकलचा मीटर घेतला. चिंग-याओ रात्री ८.२० ला घरी.

पी-श्यानं एवढं लिहून पेनाचं टोपण लावलं. ही तिची पंचावन्नावी वही. पहिली तेराव्या वर्षी सुरू झाली होती, तायचुंगच्या मिशनच्या शाळेत, सिस्टर क्लोटिल्डच्या हाताखाली. सिस्टरचा दंडक साधा होता. घडलं ते लिहायचं. वाटलं ते देवाला सांगायचं, त्याला वाचायला वही लागत नाही. आणि "खूप", "फार", "बरंच" असले शब्द दिसले की सिस्टर लाल शाईची रेघ मारायची. किती खूप? मोजलंस का? नाही ना? मग लिहू नकोस.

मीटर घ्यायची वेळ आली ती या "खूप"पायी. ऑगस्टपासून दर गुरुवारच्या नोंदीत एकच वाक्य येत होतं: सायकलनं खूप वर जाऊन आले. दर वेळी ते लिहिताना पी-श्याला आपल्या मागे काळा झगा सळसळल्याचा भास व्हायचा.

अडुसष्टाव्या वर्षी बाई सायकलवरून डोंगर चढायला लागते याचं फंगयुआनमध्ये कोणाला नवल वाटू नये. या पट्ट्यात घरटी एक माणूस सायकलीचा कुठला ना कुठला तुकडा बनवत आलाय. पी-श्यानं स्वतः एकतीस वर्षं चेनच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. दुवा न् दुवा बोटांखालून गेला, बोटी भरभरून चेन परदेशी गेल्या, आणि ती मात्र कारखाना ते घर, घर ते बाजार, एवढीच घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिली.

तशी ती कायमच कोणाच्या तरी नजरेखाली होती. शाळेच्या फाटकावर एक जाड वही असायची: नाव, कुठे जाते, परत कधी. मग कारखान्याचं हजेरीकार्ड, सकाळी एक भोक, संध्याकाळी एक. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या नऊ वर्षं वाडग्यावर चमचा वाजवून तिला बोलवायच्या, आणि ती परसात असली तरी तिसऱ्या टोल्याच्या आत पोचायची. सासूबाई गेल्या. पुढे तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नवराही गेला. चिंग-याओ, एकुलता मुलगा, बायकोला घेऊन तायचुंगहून परत आला आणि म्हणाला, "आई, आता तू एकटी नाहीस." ते अगदी खरं होतं. त्या दिवसापासून ती एक क्षणही एकटी नव्हती.

गुरुवारी सून पेइ-रोंगला दवाखान्यात सकाळपाळी असते आणि चिंग-याओ सातलाच कारखान्यात जातो. तेवढे तीन तास तिचे. गुडघ्यासाठी सायकल चालवा असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेल्या सपाट वाटेवरून जायची मुलानं परवानगीही दिली होती. त्या वाटेला दोन किलोमीटरवर एक फाटा फुटतो. कच्चा रस्ता बांबूच्या बनातून वर चढतो आणि पेअरच्या बागांत शिरतो. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तिचं हँडल आपसूक तिकडे वळलं, आणि मग वळतच राहिलं.

लाईच्या दुकानात त्या मंगळवारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लाई जाडजूड, तोंडाचा फटकळ. तिची जुनी डोंगरी सायकल त्यानंच तिला विकलेली.

"या पी-श्या मावशी. चेन तपासायला आलात की मला?"

"मीटर दाखव. स्वस्तातला. पण भिकार नको."

"स्वस्त आणि भिकार नसलेला! मावशी, असा नवरा शोधतात लोक, मीटर नाही." त्यानं काचेवर दोन डब्या ठेवल्या. "डोंगरात न्यायचा ना?"

तिनं दाराकडे पाहिलं. "हळू बोल की."

"अहो, इथे मी, तुम्ही आणि पंप. पंप कोणाला सांगायचा नाही. हं, हा मोठा उपग्रहावर चालतो. नकाशा दाखवतो, चढ किती ते सांगतो, फोनला जोडला तर तुम्ही आत्ता कुठे आहात ते घरच्यांना दिसतं, आणि पडलात तर आपण होऊन घरी कळवतो. दोन दिवसांआड चार्ज करायचा. आणि हा छोटा चाकावर चालतो. चुंबक चाकाच्या स्पोकला, सेन्सर पुढच्या चिमट्याला. वेग, अंतर, घड्याळ, संपलं. बटणाएवढा सेल, वर्षभर बघायला नको."

तिनं छोटा हातात घेतला. "हा कुठे गेले ते सांगतो?"

"त्या बिचाऱ्याला काय माहीत? चाक फिरलं की मोजतो. तुम्ही या दुकानात गोल गोल फिरलात तरी त्याचं समाधान."

"मग तू कुठला घेशील?"

"मला पोट आहे, बायकामुलं आहेत, मी तुम्हाला मोठा विकीन." लाईनं मान खाजवली. "पण खरं सांगू का? नव्यानं डोंगर चढणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी. आकडा मोठा, एका नजरेत दिसणारा पाहिजे. बटण हातमोज्यातून दाबता आलं पाहिजे. चिखल उडाला, पाऊस पडला, तरी बंद पडायला नको. वायरवाला अजिबात घ्यायचा नाही, फांदीत अडकून तुटते. आणि तुमच्या त्या बांबूच्या बनात उपग्रहाला धड दिसत नाही. दहा वळणं असली तर तो सरळ रेघ मारून मोकळा होतो. नकाशा परक्या माणसाला लागतो. तुम्ही तर तिथल्याच."

"दुकानदार असून असं बोलतोस! बायको काय म्हणते?"

"म्हणते, तोंडाला कुलूप लाव. तेही विकायलाच ठेवलंय म्हटलं."

घ्यायचा छोटाच हे ठरलं. पण एकतीस वर्षं तपासनीस राहिलेली बाई वस्तू अशी नुसती पिशवीत टाकत नाही. तिनं पट्टी ओढून पाहिली, डबीचं झाकण पाच वेळा उघडलं-मिटलं, हातमोजा घालून बटण दाबलं. मग चाकाचा घेर भरायची वेळ आली. पुस्तिकेतला आकडा लाई भरणार होता. तिनं भरू दिला नाही. हवा भरून, स्वतः सीटवर बसून, व्हॉल्व्हपाशी खडूची खूण करून लाईकडून सायकल एक फेरा पुढे ढकलवली. फरशीवर दोन खुणा झाल्या. टेप लावला. असं तीनदा.

"दोन हजार एकशे अडतीस मिलिमीटर," लाई घाम पुसत म्हणाला. "तिन्ही वेळा. मावशी, तुम्ही माझी आई असता तर मी लहानपणीच घर सोडलं असतं."

हसत हसत तिनं पैसे दिले. लाईनं विचारलं, "पावती बारकोडवर?" आणि तिनं पाकीट उलटं करून धरलं. पाकिटाच्या पाठीवर पेइ-रोंगनं चिकटवलेला बारकोड होता. घरात येणारी प्रत्येक सरकारी पावती त्या बारकोडवरून पेइ-रोंगच्या फोनमध्ये जमा व्हायची, कारण दर दोन महिन्यांनी पावत्यांच्या नंबरांची सोडत निघते, आणि एकदा पेइ-रोंगला सोया सॉसच्या पावतीवर बक्षीस लागलं होतं. तेव्हापासून कोथिंबिरीची जुडी घेतली तरी बारकोड पुढे करायचा ही घरची शिस्त. पी-श्याचा हात सवयीनं गेला. यंत्र टुंय् वाजलं.

गुरुवारी, सहा तारखेला, तिनं वहीत लिहिलं: सायकल १४.२ कि.मी. तीन महिन्यांत पहिल्यांदा लिहिताना मागे झगा सळसळला नाही.

शुक्रवारी रात्री जेवताना पेइ-रोंग एका हातानं फोन चाळत होती. "आई, लाईच्या दुकानातून काय घेतलंत? 'मीटर, डोंगरी सायकल, चिखलाचा रस्ता'. त्यांनी पावती चुकवली वाटतं."

पी-श्या माशाचा काटा काढत होती. तो ती काढतच राहिली.

"आई," चिंग-याओ म्हणाला, "तू सपाट वाटेनंच जातेस ना?"

"तिथूनही जाते."

"तिथूनही म्हणजे?"

"तिथून पुढे. थोडं वर."

"वर म्हणजे बागांकडे? एकटी?"

"अहो, असू दे, आई काही लहान नाहीत," पेइ-रोंग घाईनं म्हणाली. आपल्या हातून काय झालं ते तिला आता उमगलं होतं. "मासा गार होतोय."

चिंग-याओनं जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. तो ओरडणारा मुलगा नव्हता. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. "बाबांनी जॅकेट फांदीला टांगलं होतं," तो म्हणाला. "फोन जॅकेटमध्ये. मी अकरा वेळा लावला. अकरा वेळा तो तिथे वाजला, त्यांच्या डोक्यावर."

जानेवारी म्हणजे कलमांचे दिवस. थंड मुलखातले फुलकळीचे डोळे आणून इथल्या पेअरच्या झाडांना दरवर्षी नव्यानं बांधावे लागतात. नवरा सकाळी शिडी घेऊन गेला, "जेवायला येतो" म्हणाला. शेजारच्या बागेतल्या जान यांना तो चार वाजता शिडीखाली पडलेला सापडला. आता नवऱ्याची ती बागही जानच कसतात.

दुसऱ्या दिवशी चिंग-याओनं मोठा मीटर आणला आणि त्याला जोडलेला नवा फोनही. तिचा छोटा मीटर त्यानंच स्क्रू काढून उतरवला, नीट पुसला, डबीत घातला आणि डबी तिच्या हातात दिली. "वर जा हवं तर," तो म्हणाला. "फक्त मला दिसत राहा." एवढ्या मायेनं म्हणाला, की तिनं डबी खणात ठेवून दिली.

तेरा तारखेच्या गुरुवारी ती निघाली. फाट्यावर सीट खाली करायला थांबली तशी पाठीवरच्या खिशात फोन वाजला.

"आई, का थांबलीस?"

"सीट खाली करतेय."

"बरं, बरं. सावकाश."

बांबूच्या बनात तिला उतरावं लागलं. ती आडोशाला जाते न जाते तोच पुन्हा घणघणाट.

"आई? ठिपका हलत नाहीये. पडलीस का?"

"नाही."

"मग थांबलीस का?"

"मुतायला!" पी-श्या म्हणाली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या बाईच्या तोंडून हा शब्द जन्मात पहिल्यांदाच गेला असेल. पलीकडे कारखान्याचा खडखडाट ऐकू येत होता आणि त्यात चिंग-याओचं खाकरणं. "बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

सव्वानऊला ती बागेत पोचली. वाटेत तीनदा सायकल ढकलावी लागली, एका ओल्या मुळावर पुढचं चाक घसरलं, पण ती पडली नाही. बांधाकडच्या झाडाखाली फळांचं प्लॅस्टिकचं खोकं उलटं पडलेलं असतं. ती दर गुरुवारी त्याच्यावर बसायची, पावणेदहापर्यंत. तिथे ती काही करत नसे. रडत नसे, जपमाळही ओढत नसे. नवऱ्यानं शेवटची बांधलेली कलमं केव्हाच फळून गेली. त्या फांद्यांवर नुसते गाठींचे वण उरलेत. ते पाहत बसायचं, एवढंच. कुठल्याही वहीत, कार्डावर, फाटकावर नोंद नसलेला अर्धा तास. तिच्या स्वतःच्या वहीतसुद्धा नसलेला.

ती खोक्यावर बसली. फोन वाजला.

"आई, आता काय झा…" तो मधेच थांबला. त्याला नकाशावर ठिपका दिसत होता. ती जागा त्याला ठाऊक होती. स्ट्रेचरचं एक टोक धरून तोच तिथून उतरला होता.

"तिथे आहेस?"

"हो."

मग तो बारीक आवाजात म्हणाला, "घरी ये, आई."

ती उठली. घड्याळात नऊ एकवीस झाले होते.

संध्याकाळी तिनं विषय काढला. "चिंग-याओ, तो मीटर माझ्या सायकलला लावलाय की तुझ्या घोराला?"

"दोन्हीला."

"शाळेत आमच्या फाटकावर वही होती. कुठे जाते, कधी येणार, लिहायचं. वेळेत आलं नाही तर सिस्टर शोधायला निघायच्या. मी तशी लिहून जाईन. वेळ टळली तर खुशाल ये शोधत."

"बाबाही सांगूनच गेले होते. जेवायला येतो म्हणून." तो उठून भांडी घासायला गेला. घरात भांडी तो कधीच घासत नाही.

बुधवारी रात्री पी-श्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला, मोठा मीटर उतरवला, तसाच नीट पुसला आणि नव्या फोनसकट चिंग-याओच्या वाडग्याशेजारी ठेवला. आपला छोटा पुन्हा चढवला. चाक फिरवून चुंबक सेन्सरसमोरून जातं की नाही ते पाहिलं. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात ठळक अक्षरांत लिहिलं: बाग. निघणे ७.३०. परत १०.३०. अक्षर वळणदारच आलं.

सकाळी चिंग-याओनं ते वाचलं. मीटर आणि फोन खिशात टाकले, बूट घातले, आणि कामावर गेला. जमलं, असं तिला वाटलं. चढावर त्या दिवशी तिला दोनदाच ढकलावं लागलं. खोक्यावर ती पुरता अर्धा तास बसली. जान दुरून हात हलवून गेले. बांबूच्या बनातून उतरताना तिनं ब्रेक नेहमीपेक्षा थोडे सैल सोडले आणि छोट्या पडद्यावर एकवीसचा आकडा पाहिला.

सव्वादहाला ती फाट्यावर आली तर स्कूटर बाजूला लावून चिंग-याओ उभा होता. कारखान्याचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"साडेदहा लिहिलं होतं," ती म्हणाली. "अजून पंधरा मिनिटं आहेत."

"माहीत आहे."

"कधीपासून उभा आहेस?"

"सव्वानऊपासून. वर नाही आलो." जणू ते आपल्या बाजूचं मोठं पुण्य आहे अशा सुरात तो म्हणाला. मग वाकून त्यानं मीटरकडे पाहिलं. "बारा पूर्णांक दोन. हा खरा धरायचा?"

"तीनदा मोजून बसवलाय."

तो जरासा हसला. डोळे मात्र लाल होते.

"साहेबांना काय सांगितलंस?"

"आईला दवाखान्यात न्यायचंय."

"दर गुरुवारी सांगणार?"

"सांगीन."

"दर गुरुवारी सोडतील?"

"नाही सोडणार," तो म्हणाला, आणि मान खाली घालून गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं करत राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, पण उभा होता तो शाळेच्या फाटकावर न्यायला कोणी न आलेल्या पोरासारखा. नोकरी गेली तरी हा इथे येऊन उभा राहील, हे पी-श्याला लख्ख दिसलं. पडद्यावरचा ठिपका काढून टाकता येत होता. याला कुठला स्क्रूड्रायव्हर लावणार?

"रजा टाकू नकोस," ती म्हणाली.

"मग दहाला घरी ये. पेइ-रोंग दवाखान्यातून दहाला घरच्या फोनवर रिंग देईल. तू उचललास की ती मला सांगेल. एवढंच कर, आई. मीटर तुझाच ठेव."

दहा. तिनं मनात हिशेब मांडला. साडेसातला निघायचं, सव्वानऊला वर, उतरायला आणि घर गाठायला पाऊण तास. मांडणी बरोबर बसत होती. वर जाता येणार होतं, झाड दिसणार होतं, सायकल वळवताही येणार होती. फक्त खोक्यावर बसता येणार नव्हतं.

"लवकर निघू का? सातला?"

"पेइ-रोंग सव्वासातला निघते, आई. तिला डबा कोण देणार?"

"खरंय," पी-श्या म्हणाली. "बरं. दहा."

तो स्कूटरवर बसला, आणि सपाट वाटेला स्कूटर चालत नाही म्हणून शेजारच्या रस्त्यानं, झाडांच्या फटींतून तिच्याकडे पाहत, तिच्याच वेगानं घरापर्यंत आला.

त्या रात्री तिनं पंचावन्नावी वही उघडली.

गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५. जाग ५.००. ढगाळ. सायकल १४.२ कि.मी., सर्वाधिक वेग २१. पुढच्या गुरुवारपासून परत १०.००, कॅलेंडर दुरुस्त केले. चुंबकाचा स्क्रू आवळला. चिंग-याओ आज दुपारून कामावर. कचऱ्याची गाडी ७.१८ ला आली, आठ मिनिटे उशिरा.